दवाचं आंग

आमची आचल कोणाच्या घरी गेली का पाणी प्याच्या आंधी इचारते, "काकू, तुमच्या घराचं तोंड कोणीकडे वं?" लोकायले वाटते पोट्टी वास्तुशास्त्र शिकून आली. शेजारच्या बेबीताईनं तं तिले हात धरून देवघरात नेलं, अन् हळूच इचारलं का देव इकडून तिकडे केले तं पोराचं लग्न जमन का. आचल म्हणते, "देव कुठंबी ठेवा काकू. फक्त त्या पायरीवर मिरच्या नोका घालू. तिथलं ऊन चार वाजताच मरते."

बेबीताई आठ दिवस माह्यासंग बोलली नाही. मिरच्या मात्र तिनं गच्चीवर नेल्या, मी पाह्यलं ना!

मी आचलची मावशी. तिची माय पार्वताबाई, माही मोठी बहीण. आमी दोघी धामणगाव रेल्वेच्या. मी लग्न होऊन अकोल्यात आली, अन् पार्वताबाई बाळापूरच्या पल्ल्याड, टेकडीच्या पायथ्याशी एका लहानशा गावात. आचलनं अमरावतीले भूगोल शिकला अन् अकोल्यात नोकरीले लागली, तवापासून माह्याच घरी राह्यते. सव्वीस वर्षांची झाली, पण चहात बिस्किट बुडवून इसरून जाते, अन् मंग चमच्यानं कोकरते. डोळे उघडे, पण पोट्टी घरात नाही. कुठंतरी डोंगरावर.

नोकरी कायची, तं एक लहानशी संस्था आहे, पाणलोटाची कामं करते. गावोगावी चर खंदणं, बांध घालणं, झाडं लावणं. तिथं आचल कंप्युटरवर नकाशे करते. पहिल्या दिवशी मी इचारलं, "काय काम देलं वं तुले?"

"मावशी, मी उताराचे तोंडं पाह्यते."

"अवं बाप्पा! लोकं तुह्यासाठी पोराचे तोंडं पाहून राह्यले, अन् तू उताराचे पाहून राह्यली?"

"उतार नाही म्हणत नाही मावशी," म्हणे, "अन् हुंडाबी मांगत नाही."

एका रविवारी तिनं मले बाजूले बसवून दाखवलं. आंधी काहीच नव्हतं, नुसता राखेसारखा रंग. मंग त्या राखेतून हळूहळू टेकड्या वर आल्या, पौषातल्या धुक्यातून येतात तशा. म्हणे, उपग्रहानं वरून सगळी जमीन मोजली. तीस-तीस मीटरचे चौकोन पाडले अन् एकेका चौकोनाची उंची लिवून ठेवली. कंप्युटर एका चौकोनापाशी उभा राह्यते, आजूबाजूच्या आठ शेजाऱ्यायकडे पाह्यते, कोण उंच, कोण ठेंगणा, अन् सांगते का इथं पाणी सांडलं तं कोणीकडे पळन. जिकडे पाणी पळन तिकडे त्या उताराचं तोंड. मंग ते तोंड आकड्यात. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, पश्चिम दोनशे सत्तर, अन् फिरून उत्तरेले आलं का तीनशे साठ.

अन् तिनं एक बटन दाबलं. काय सांगू तुमाले! सगळ्या टेकड्यायले रंग चढले. उत्तरेचं आंग लाल, पूर्वेचं पिवळं, दक्षिणेचं आकाशी, पश्चिमेचं निळं. जशी जुन्या लुगड्यायची वाकळ कोणी डोंगरावर वाळू घातली. मी किती वेळ पाह्यत बसली. चुलीवर वरण उतू गेलं तरी मले वास नाही.

"आमचं धामणगाव दाखव," म्हटलं.

तिनं दाखवलं. नुसता राखेचा पट्टा. रंगच नाही!

"सपाट जमिनीले दिशा नसते मावशी. कंप्युटर तिथं उणे एक लिवते." अन् हसून म्हणते, "तुह्या माहेराले तोंडच नाही!"

"तोंड नाही तं मी एवढी बोलते कुठून?" म्हटलं, अन् वरण पाहाले पळाली. पण खरं सांगू? ते मनात राह्यलं. मी लहानपणी काळ्या सपाट वावरात उभी राहून चारी दिशेले पाहो, अन् मले कळेच ना का जमीन मले कोणीकडे पाठवून राह्यली. पार्वताबाई लग्न होऊन टेकडीपाशी गेली तं पहिल्याच चिठ्ठीत तिनं लिवलं, इथं जमीन हात धरून खाली नेते.

आता त्याच टेकडीची गोष्ट.

पार्वताबाईच्या गावच्या मांगं एक टेकडी आहे, गावकीची. तीन वर्षांमांगं गावातल्या अकरा बायायनं गट करून तिच्यावर झाडं लावली, रस्त्याकडून दिसते त्या समोरच्या आंगावर. काहून? तं येणाऱ्या सायबाले गाडीतूनच दिसावं म्हणून! होळी आली, अन् झाडायच्या काड्या झाल्या. गावातले माणसं पारावर बसून इचारत, "काहो, तुमच्या काड्यायले पालवी कदी फुटन?" मंग ग्रामसभेत ठरलं, बायायले अजून एकच खेप. तेबी नाही जगलं तं टेकडी मुरूम काढायले देऊन टाकू. यंत्र लागलं का दोन वर्षांत टेकडी नाही, खड्डा.

अन् पार्वताबाई त्या गटाची अध्यक्ष. दुसऱ्या कशासाठी ते बाई कदी भांडली नाही. लग्नात मानपानाले भांडली नाही, वाटण्यात भांडली नाही. पण टेकडीचं नाव काढलं का तिची हनुवटी हाले.

बायायनं आचलच्याच संस्थेत अर्ज केला. संस्था म्हणे, रोपं आमी देऊ, पण जागा आमचा नकाशा सांगन. आमच्या उन्हाळ्यात वर टेकडीवर पाणी कोण नेते? रोपाले पावसाची ओल जेवढी पुरन तेवढंच त्याचं नशीब. दिवाळीपासून सूर्य दक्षिणेकडून चालते, मंग दक्षिणेचं आंग होळीपर्यंत कोरडंठाक. उत्तरेचं आंग तिरपं ऊन खाते, तिथं ओल मांगं राह्यते. वैशाखात सगळ्यायचेच हाल, पण थोडी ओल घेऊन वैशाखात शिरलं थे झाड वाचते. म्हणून उताराचं तोंड पाहाचं.

अन् तो नकाशा आला आचलच्या टेबलावर. तिच्या एकटीचा पहिला नकाशा, अन् तोबी तिच्या मायच्या टेकडीचा. घरी आली तं पायातली चप्पल न काढताच सैपाकघरात. मी ओरडली, तं म्हणे, "मावशी, आज चप्पल माफ!"

तिचे मोठे साहेब गजेंद्र सर. माणूस चांगला, पण घाईतला. म्हणे, हे वाकळीसारखे रंग गावात कोणाला कळणार? टेकडीचे सात भाग कर, अन् एकेका भागाची एकच दिशा सांग. आचलनं तसंच केलं. एकेका भागातल्या चौकोनायचे आकडे घेतले, बेरीज केली, भागलं, सरासरी काढली. सातही भाग झाले. सरायनं सही केली. दिवस होळीनंतरचे, आंब्याले कैऱ्या लागून राह्यल्या होत्या.

नकाशा असा निघाला का समोरचं आंग दक्षिणेले, अन् मांगचं आंगबी दक्षिणेले. उत्तरेले कोणीच नाही. त्यातल्या त्यात बरा म्हणून पूर्वेकडचा खांदा, तीन नंबरचा भाग. तिथं झाडं लावा.

तिनं मायले फोन लावला. मी बाजूलेच भाजी निवडत होती, कान तिकडंच.

"आचल," पार्वताबाई म्हणे, "तीन नंबर म्हणजे तो खडकाचा खांदा ना वं? अन् मांगचं दवाचं आंग? थे दक्षिणेले कसं?"

हे समजून घ्या. त्या गावात टेकडीच्या बाजूले पूर्व-पश्चिम कोणी म्हणत नाही. समोरच्या आंगाले म्हणतात वाळवणाचं आंग. मिरच्या, मुगवड्या, गोवऱ्या सगळं तिथल्या चिपांवर, सपाट दगडायवर, वाळते. मांगच्याले म्हणतात दवाचं आंग. तिकडे सकाळचं दव दुपारपर्यंत राह्यते, म्हणून वाळवण कोणी नेत नाही, अन् गवत सगळ्यात शेवटी कापतात.

"आई, हे उपग्रहानं वरून पाह्यलं," आचल म्हणे. "आपण खालून पाह्यतो ना. आपला अंदाज असते."

मंग पार्वताबाई म्हणे, "बरं बाई. तू शिकलेली. माह्या पोरीचा नकाशा हाय, आमी तिथंच खंदू."

मले वाटलं बोलावं काहीतरी. पण मी उणे एकच्या गावची, मी काय बोलू?

अन् अकरा बाया चैत्रात त्या खडकाच्या खांद्यावर खड्डे खंदायले लागल्या. सकाळी सहाले जात, ऊन चढलं का वापस.

वीसेक दिवसांनी, एका रविवारी पार्वताबाई अकोल्यात आली, मुगवड्याचा डबा घेऊन. डबा माह्या हातात देतांनी दिसलं, दोन्ही तळहाताले लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या. मी चिंधी सोडली तं खाली फोडंच फोडं.

"काही नाही वं," म्हणे. "सब्बल मारली का वापस उसळते. दोनशेच्या वर झाले, आठशेक राह्यले."

आचलनं ते हात पाह्यले अन् मायच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. दुपार होती, पंखा घरघर करे, खिडकीचा पडदा आत-बाहेर करे. पोट्टीचा डोळा लागला. आमी दोघी बहिणी आपल्या हळू आवाजात धामणगावच्या लोकायचे जुने लफडे काढून बसलो. थोड्या वेळानं आचल डोळे न उघडताच बोलली,

"आई, टेकडी पाठ करून बसली होती. डोक्यावरून पदर. मी तिचं तोंड पाहाले समोर गेली, तं ती फिरली. मी अजून तिकडून गेली, तं अजून फिरली. पदरातून दव गळून राह्यलं होतं टपटप, अन् तोंड काही दिसे ना."

"नवी नवरी असन," मी म्हटलं. "लाजत असन तुह्या कंप्युटरले."

पार्वताबाई हसली. मंग म्हणे, "किती वाजले वं? बाळापूरची गाडी गाठा लागन."

आता माह्या घरात घड्याळं दोन. बैठकीतलं पाच मिनिट पुढं, सैपाकघरातलं पाच मिनिट मांगं. दोन्ही लग्नात भेटलेले, एक माहेरचं अन् एक सासरचं. एकाले खरं म्हटलं का दुसऱ्याकडचे नाराज, म्हणून मी कोणालेच दुरुस्त केलं नाही. तीस वर्षं मी मधातला टाइम धरते. आचल बैठकीतून वाचते, "बारा वाजून पाच." मी सैपाकघरातून वाचलं, "बाराले पाच कमी."

"म्हणजे बरोबर बारा," मी म्हटलं.

आचलची झोपच उडाली. "कसे काय बारा?"

"कसे काय म्हणजे? दोघायच्या मधात बारा."

ती उठून बसली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून राह्यली. बोट हवेत फिरवे. "एक काटा पंचावन्नवर. दुसरा पाचवर. पंचावन्न अन् पाच साठ. साठचे अर्धे तीस."

"तीस काहून? मधात बारा आहे ना समोर!"

"मावशी, तुले दिसते. कंप्युटरले नाही दिसत! तो बेरीज करते अन् भागते. दोन्ही काटे वर, बाराकडे तोंड करून. अन् सरासरीचा काटा खाली. सहावर."

मले तवा अर्धंच समजलं. पार्वताबाईले अर्धंबी नाही. आचलनं लॅपटॉप उघडला अन् मांगच्या आंगाचे चौकोन एकेक करून वाचायले लागली. "तीनशे बावन्न. आठ. तीनशे पंचावन्न. पाच. तीनशे अठ्ठेचाळीस. बारा..." सगळे उत्तरेच्या अल्ल्याड-पल्ल्याड. अन् त्यायची सरासरी एकशे ऐंशी. बरोबर दक्षिण. आकडा खोटा नाही, बेरीज खोटी नाही, फक्त गोल फिरणाऱ्या गोष्टीची कोणी अशी बेरीज करत नाही.

"आई, दवाचं आंग उत्तरेलेच आहे," ती म्हणे. "मी तुले चूक सांगितलं. लहानपणापासून मी त्या आंगावर लोळली, अन् दोन्ही बाजूनं दक्षिणेले पाह्यणारी टेकडी मी कागदावर काढली. मले हसूबी आलं नाही."

मीच बोलली मंग. "रावणाले दहा तोंडं होती, पण थेबी सगळे एकीकडे नव्हते वं!"

ती हसली, अन् हसता हसता रडायले लागली, मायच्या त्या चिंध्या बांधलेल्या हातात तोंड खुपसून. पार्वताबाईनं तिच्या केसावरून मनगट फिरवलं, तळहात टेकवता येत नव्हता ना. म्हणे, "एवढंच ना? टेकडी तं जागीच हाय."

सोमवारी आचल गजेंद्र सरायपुढं उभी राह्यली. मले घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. सर आंधी चिडले. "माझी सही होऊन कागद पुढे गेला आचल. आता बदलला तर लोक हसतील."

"सर, लोकं एकदा हसतीन. रोपं मेली तं टेकडीच जाईन."

सरायनं नकाशा पुढ्यात ओढला. दोन्ही आंगाच्या आकड्यायवर बोट फिरवलं. मंग चष्मा काढला. "एका टेकडीच्या दोन्ही बाजू दक्षिणेला. आणि मीही सही करताना नाही पाहिलं! जा, उद्या स्वतः चढून ये. पाहून आलीस की नवीन कर, मी पुन्हा सही करतो."

मंगळवारी पहिल्या गाडीनं ती गेली, अन् संग मी. अशा वक्ती मी घरी राह्यन का?

सूर्य निघता निघता आमी टेकडीच्या पायथ्याशी. खांद्यावर अकरा बाया सब्बली बाजूले ठेवून बसल्या होत्या. पार्वताबाईनं रविवारीच काम थांबवलं होतं, काहून ते मात्र पोरीच्याच तोंडानं ऐका म्हणे. आचलनं वर जाऊन सगळ्यायले सांगितलं. काही लपवलं नाही, कंप्युटरवर ढकललं नाही. "माही चूक झाली," म्हणे.

मंग चतुराबाई, गटातली सगळ्यात म्हातारी, खाली दगडावर बसली. "दोनशे चाळीस खड्डे, बाई! माह्या नवऱ्यासाठी मी एवढी खपली नाही, तुह्या उपग्रहासाठी खपली!" अन् असं हसली का पदर तोंडात कोंबला. बाकीच्याबी सुटल्या. टेकडी सगळी हसून राह्यली असं वाटे.

मंग पार्वताबाई म्हणे, "चाल, तुले एक दाखवते." आमी मांगच्या आंगाले वळलो. खरं सांगते, एका वळणात दुनिया बदलली. समोरचे दगड कालच्या उन्हानं अजून गरमच होते, इकडे गारवा पसरलेला. गवत पिवळं, पण बुडाशी हिरवट. पायाखालची जमीन मऊ. कुठंतरी लावे पक्षी बोलत होते, अन् मले वाटलं मी चालून नाही राह्यली, कोणी झोपेत उचलून नेऊन राह्यलं.

तिथं ओळीनं अकरा खड्डे होते. ताजे, गोल, माती बाजूले नीट लावलेली.

आचल पाह्यतच राह्यली. "हे कोणं खंदले?"

पार्वताबाई दुसरीकडे पाहून म्हणे, "मीच. सकाळी तुह्या नकाशावर खंदो सगळ्यायसंग. संध्याकाळी दिवस बुडाच्या आंधी इथं एक. बाईमांगं एक. म्हटलं, तिकडचं नाही जगलं तं एकेकीचं एक झाड तरी राह्यलं पाह्यजे."

"मंग मले बोलली काहून नाही?"

"तुहा पहिला नकाशा होता ना वं."

आचल तिथंच अकराव्या खड्ड्यापाशी बसली, हात आत घातला. ओल लागली. अन् त्या पोट्टीनं डोळे मिटले, तं मी म्हटलं, झालं, गेली परत डोंगरावर! मंग आठवलं, या वक्ती तं ती डोंगरावरच आहे.

नवा नकाशा चार दिवसांत झाला. या खेपेले तिनं सरासरी अशी काढली जशी मी घड्याळाची काढते, गोलाकडे पाहून. तिची रीत काही वेगळी आहे, एकेका दिशेचा बाण करून ते बाण जोडतात म्हणे. मले तं ती माहीच रीत वाटते. अन् भागाच्या नावाच्या जागी एक नंबर, दोन नंबर न लिवता तिनं लिवलं: वाळवणाचं आंग, खडकाचा खांदा, दवाचं आंग. सरायनं वाचलं अन् सही केली.

आषाढात रोपं लागली. मोह, आवळा, चारोळी, कडूलिंब. खडकावरचे दोनशे चाळीस खड्डे तसेच राह्यले. चतुराबाई दिवाळीत तिथं बसून सीताफळं खाये अन् एकेका खड्ड्यात बिया थुके. "उपग्रहाचा प्रसाद," म्हणे. त्याचं काय होते ते पाहू.

या होळीले आमी परत गेलो. पारावरचे माणसंबी आले, खाली माना घालून, उगंच काठ्या टेकत. पार्वताबाई पुढं, आमी मांगं. ती एकेका रोपापाशी वाके, पानाले हाताची मांगची बाजू लावे, लेकराचा ताप पाह्यते तशी, अन् समोर जाये. शंभरातले सत्तर-पंच्याहत्तर हिरवे. मांगून कोणीतरी म्हटलं, "मुरमाचं आता राहू द्या मंग." उत्तर समोर उभंच होतं, गुडघ्याएवढं.

पार्वताबाईनं एका आवळ्याच्या बुडाशी बोट खुपसलं. चिमूटभर माती काढली. काळी, थंड, ओली. आचलच्या तळहातावर ठेवली अन् म्हणे, "घे. तुह्या कंप्युटरले दाखवजो."

पोट्टीनं ती रुमालात बांधली. गाडीत दहादा उघडून पाह्यली. अकोला येईपर्यंत माती वाळून गेली, राखेच्या रंगाची झाली. मी म्हटलं, "टाकून दे आता, रुमाल धुवाले घाल." तिनं टाकली नाही. कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरली. ती डबी आता तिच्या टेबलावर असते, कंप्युटरच्या बाजूले. नवा नकाशा सायबाकडे द्याच्या आंधी ती डबी उघडते, आत पाह्यते, अन् मंग जिथला नकाशा असन त्या गावातल्या एखाद्या बाईले फोन लावून इचारते, "मावशी, तुमी वाळवण कुठं घालता?"